इवाईंचं मीटर

आमचे इवाई देवळात गेले की नमस्काराआधी घंटेला मीटर लावून पाहतात, असं त्यांच्या गावचे लोक सांगतात. हे खोटं आहे. ते फक्त गाभाऱ्यातल्या ट्यूबलाइटला मीटर लावतात. घंटेला त्यांनी एकदाच लावलं होतं, आणि तेव्हा उत्सवाच्या लायटिंगची एक सोललेली वायर खरोखरच घंटेच्या साखळीवर टेकलेली होती. मीटरवर आकडा आला, इवाईंनी मेन स्विच पाडला, माइक बंद पडला, आणि भजनी मंडळ त्यांच्यावर रुसलं ते अजून रुसलेलंच आहे. मात्र तेव्हापासून त्या गावातला प्रत्येक माणूस घंटा वाजवण्याआधी एकदा मान वर करून साखळीकडे पाहतो. परगावच्या पाहुण्यांना ती भक्ती वाटते.

इवाई म्हणजे व्याही. आमच्याकडे मुलीच्या सासऱ्याला हाच शब्द. व्याही हा नात्यातला असा माणूस आहे की त्याला हसायचं असेल तर आपल्या घरी येऊन दार लावून हसावं लागतं. सहा वर्षं मी असा दार लावून हसत आलो. त्यांचं गाव सौंदडला रेल्वेतून उतरून तासाभराच्या अंतरावर, एका जुन्या तलावाच्या पाळीखाली. तो तलाव त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी बांधला आणि त्या पाण्यावर अजूनही धान होतं. पण गावात इवाईंची ओळख तलाव बांधणाऱ्यांच्या घरचे म्हणून नाही, मीटरवाले म्हणून आहे. मीटर म्हणजे मल्टिमीटर. हातात मावेल असा पिवळा डबा, मधोमध फिरवायचं बटण, वर आकडे दाखवणारी काच, आणि खालून निघालेल्या दोन वायरी, एक काळी, एक लाल, टोकाला सुईसारख्या काड्या. विहीणबाईंनी जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवून दिली आहे, तिच्यात तो डबा असतो आणि ती पिशवी इवाईंच्या खांद्याला असते. मी त्यांना पिशवीशिवाय एकदाच पाहिलं, त्यांच्या मुलाच्या लग्नात, अंतरपाटाच्या वेळी. तेव्हा ती त्यांनी माझ्याकडे धरायला दिली होती.

आमची पहिली भेट झाली ती आमच्या गोंदियाच्या घरी, माझ्या मुलीला, मेघाला, पाहायला ते लोक आले तेव्हा. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो आणि मुलीचा बाप म्हणून जेवढं घाबरायचं असतं तेवढा घाबरलो होतो. बैठकीत आलुपोहे आले, चहा आला, मेघा येऊन बसली. बाकीची मंडळी तिला शिक्षण, नोकरी, आवडीनिवडी विचारत होती. मुलाचे वडील मात्र तिच्याकडे न पाहता सोफ्यामागच्या प्लगकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, मी येथी जरासं पाहू का?" मला वाटलं मोबाइल चार्ज करायचा असेल. मी म्हटलं, अवश्य. त्यांनी पिशवीतून तो पिवळा डबा काढला, डावा हात पायजम्याच्या खिशात घातला, आणि एका उजव्या हातात दोन्ही काड्या चिमट्यासारख्या धरून प्लगच्या एकेका भोकात घातल्या. मुलगा खाली पाहून बसला. त्याला हे सगळं ठाऊक असणार. दोन मिनिटांनी त्यांनी काड्या काढल्या, मीटर बंद केलं आणि अगदी शांतपणे निकाल दिला.

"पोरगी पसंत हाय. अर्थिंग पसंत नाई."

आमच्या सौ.ने हातातला ट्रे खाली ठेवला. मी विचारलं, म्हणजे काय. ते म्हणाले, "हे वरचं तिसरं भोक हाय ना, ते नुसतं शोभेचं हाय. त्याच्या मागं वायरच नाई. काई झालं तर करंट जाईन कुठं? माणसाच्या आंगातूनच जाईन ना. आमची सून उद्या माहेरी येईन, बाळंतपणाले येईन, म्हून सांगून राहिलो." लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांनी काय काय मागितलेलं मी आयुष्यात ऐकलं आहे, पण जमिनीत पुरलेला पाइप कोणी मागितल्याचं ऐकलं नव्हतं. त्यांची दुसरी कुठलीही अट नव्हती. म्हणून मी अंगणात खड्डा खणायला घेतला. माणूसभर खोल, त्यात पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. शेजारचे किराणावाले सेठजी कुंपणावरून पाहत होते. त्यांनी विचारलं, "गुरुजी, ये गड्ढा काहे के लिए?" मी वैतागलेला होतो. म्हटलं, "शादी के लिए." त्यांना ती आमच्यातली कुळाची काहीतरी रीत वाटली असावी, कारण संध्याकाळी त्यांच्याकडून नारळ आला. आठवडाभराने इवाई पुन्हा आले, तिसऱ्या भोकात काडी घातली, काचेवरचा आकडा पाहून पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, "आता तारीख काढा."

लग्न झालं. सूनमुख पाहताना सासू दागिना घालते, सासरे पाकीट देतात. आमच्या इवाईंनी मेघाच्या ओटीत नवंकोरं मल्टिमीटर घातलं. नारळ, तांदूळ, हळकुंड आणि मल्टिमीटर. फोटो आहे माझ्याकडे. तिचा चेहरा त्यात असा आहे की हसावं की पाया पडावं हे तिला ठरवता येत नाही. पुढे ती जावयांबरोबर नागपूरला राहायला गेली आणि दर सणाला सासरी आली की इवाई तिला एकेक धडा द्यायचे. मी इतकी वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं, पण माझ्या शिकवण्यात इतकी गोडी कधी नव्हती हे मला कबूल केलं पाहिजे. फोनवर ती मला सांगायची, बाबा, आज डायोड शिकले. डायोडविषयी इवाईंचं मत असं की तो जगातला सगळ्यात सरळ प्राणी आहे. "करंट एकाकडून जाऊ देते, दुसऱ्याकडून नाई. काड्या उलट्या करून पाहाच्या. दोन्हीकडून जाऊ दिलं तर तो बिघडला. दोन्हीकडून अडवलं तरी बिघडला." असं म्हणून ते गावातल्या एकदोन पुढाऱ्यांची नावं घेत आणि त्यांना कुठल्या गटात टाकायचं ते सांगत. ती नावं मी इथे देत नाही.

कंडेन्सरच्या बाबतीत मात्र त्यांना विनोद खपत नसे. एकदा आमच्याकडचा पंखा हळू फिरायला लागला. ते येणार होते म्हणून मी उत्साहाने आधीच पंख्याचा कंडेन्सर काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तारा हातात धरून त्यांना दाखवायला गेलो. ते दारातच थबकले. "ठेवा. ठेवा खाली. हळू ठेवा." मी ठेवला. त्यांनी पिशवीतून एक बल्ब लावलेला होल्डर काढला, त्याच्या दोन वायरी कंडेन्सरच्या तारांना टेकवल्या, क्षणभर तसंच धरलं, आणि मगच त्याला हात लावला. बल्ब काही पेटला नाही. मी म्हटलं, "पाहा, त्यात काहीच नव्हतं." ते म्हणाले, "नसन. पण लाइन गेल्यावरबी हा गडी करंट आपल्या पोटात धरून राहते. तुमाले दिसत नाई. त्याचं आधी पोट रिकामं कराचं, मंग त्याले हात लावाचा." त्या दिवशी त्यांनी मला जेवताना तीनदा विचारलं की हाताला काही झालं नाही ना. मला तो अतिरेक वाटला. सौ.ला सुद्धा वाटला, पण तिने त्यांना पुरणाची पोळी जास्तीची वाढली.

त्यांच्या सवयी मोजायला बसलो तर हातची बोटं पुरणार नाहीत. लग्नात मंडपाचा लोखंडी खांब मोजल्याशिवाय ते पंगतीला बसत नाहीत. चालू लाइनवर काम करताना डावा हात खिशात, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं आहे की बाजारात भाजीवाल्याच्या काट्याकडे बोट दाखवतानाही डावा हात आपोआप खिशात जातो. मीटरचं बटण नेहमी सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवायचं आणि तिथून खाली यायचं. मी एकदा विचारलं की आपल्याला दोनशेतीस व्होल्टच मोजायचे आहेत हे ठाऊक असताना हजारावर कशाला. तर म्हणाले, "आपल्याले ठाऊक हाय. लाइनीले ठाऊक हाय का?" पायात रबरी चप्पल. ओल्या हाताने नाही. वायरीला एवढीशी चीर दिसली तर ती वायर बाद. गावातले लोक आपापले विझलेले एलईडी बल्ब त्यांच्या ओसरीवर आणून ठेवतात. ते दुपारी जेवण झाल्यावर एकेक बल्ब उघडून आतल्या तिळाएवढ्या दिव्यांना काड्या लावत बसतात. चांगला दिवा काडी लागताच मंद पेटतो, मेलेला पेटत नाही. असा मेलेला शोधून काढला की त्यांचा चेहरा दाढदुखीचा नेमका दात सापडलेल्या डॉक्टरसारखा होतो.

एकदा आम्ही दोन्ही घरची मंडळी कचारगडला गेलो. गुहेच्या तोंडाशी इवाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि प्रत्येकाच्या टॉर्चमधले सेल काढून मोजायला सुरुवात केली. आमच्या मागे सालेकशाकडची दहाबारा माणसं उभी होती, त्यांचेही सेल मोजले. एका म्हाताऱ्या आजीचा सेल हातात घेऊन म्हणाले, "आजी, हा जाताना चालन. येताना नाई चालन." आजीने विचारलं, "मंग मी येऊ कशी?" इवाईंनी आपल्या टॉर्चमधला सेल काढून तिला दिला आणि स्वतः गुहेत पूर्ण वेळ माझ्या शर्टाची बाही धरून चालले. बाहेर आल्यावर माझी बाही एका बाजूने लांब झाली होती.

पण या सगळ्या सवयींत मला सगळ्यात जास्त खटकायची ती एक. काहीही मोजायचं असलं की इवाई आधी चालू असलेल्या प्लगमध्ये काड्या घालून मीटर बरोबर आकडा दाखवतं का ते बघत. मग ती वस्तू मोजत. इथवर ठीक. पण वस्तू मोजून झाल्यावर ते पुन्हा त्याच प्लगमध्ये काड्या घालून मीटर पुन्हा तपासत. दर वेळी. पाहुणा माणूस दारात खोळंबला असला, ताट वाढलेलं असलं, गाडीची वेळ झाली असली तरी. मी एकदा चिडून म्हटलं, "इवाई, दोन मिनिटांपूर्वीच तर बघितलंत. दोन मिनिटांत काय होतंय त्याला?" त्यावर त्यांनी दोन्ही वायरी गुंडाळल्या आणि चहा मागितला. एरवी प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असतं, म्हणून तो चहा माझ्या लक्षात राहिला.

दोन वर्षांपूर्वी मेघा बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. नातू झाला. दोन महिने झाले आणि मे महिना लागला. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी नळाचं पाणी हातावर घेतलं तर चहा करावासा वाटतो. मी गच्चीवरचा जुना लोखंडी कूलर खाली उतरवला, नव्या गवताच्या ताट्या बसवल्या आणि मेघाच्या खोलीच्या खिडकीशी लावला. त्याला प्लग दोन पिनांचाच होता, त्यामुळे माझं एवढं खणून केलेलं अर्थिंग त्याच्या उपयोगाचं नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. कूलरला हात लागला की थोडं मुंग्या आल्यासारखं व्हायचं. मी चौकातल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, कूलर में इतनी झुनझुनी तो रहती ही है. चप्पल पहन के पानी डालो बस." गोंदियात अर्धी घरं अशीच चप्पल घालून पाणी टाकतात. मीही ठरवलं की तेच करायचं.

त्याच आठवड्यात इवाई नातवाला पाहायला आले. हात धुतले, बाळाला घेतलं, त्याच्या कानात काहीतरी बोलले, आणि मग त्यांची नजर कूलरवर गेली. मला ते येणारच होतं हे माहीत होतं. त्यांनी पिशवी उघडली. आधी प्लगमध्ये काड्या घातल्या, दोनशे तेहतीस. मीटर ठीक. मग कूलर चालू ठेवून एक काडी अर्थिंगच्या भोकात आणि दुसरी कूलरच्या पत्र्याला, जिथे रंग उडाला होता तिथे. काचेवर शून्य. त्यांनी काडी दुसऱ्या जागी टेकवली. शून्य.

"बरं हाय," ते म्हणाले.

मला जरा विजय झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, "मी सांगत होतो ना. उगाच मुंग्या येतात, बाकी काही नाही." सौ. स्वयंपाकघरातून पाण्याची बादली घेऊन आली, कूलर रिकामा झाला होता. फरशी पुसल्यामुळे ओली होती आणि तिने चप्पल घातली नव्हती, कारण इवाईंनीच आता बरं आहे म्हटलं होतं. मेघा बाळाला मांडीवर घेऊन कूलरसमोर सरकून बसली. आणि इवाई आपल्या सवयीप्रमाणे पुन्हा प्लगकडे वळले. मी मनात म्हटलं, झालं यांचं सुरू. त्यांनी काड्या भोकात घातल्या.

काचेवर शून्य होतं.

प्लगमध्ये वीज होती, कूलर त्याच बोर्डावर घरघरत होता. आणि मीटर म्हणत होतं, नाही. इवाईंनी वायर जरा हलवली, आकडा एकदम उसळून वर आला, सोडली, शून्य. मी त्या माणसाचा चेहरा कधी तसा पाहिला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "इहीनबाई, थांबा. हात लावू नोका. कोणीच हात लावू नोका." सौ.ने बादली कूलरच्या अगदी जवळ नेली होती. ती तिथेच थांबली. त्यांनी बोर्डावरचं बटण बंद केलं, प्लग ओढून काढला आणि भिंतीला पाठ लावून खाली फरशीवरच बसले. तिथेच त्यांनी लाल वायर वाकवून पाहिली. लाल वायर आतून तुटली होती. सरळ असली की जुळायची, वाकली की सुटायची. पहिल्यांदा मोजताना जुळली, कूलरशी वाकून मोजताना सुटली.

मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं. तेव्हा मेघा उठली, बाळ आमच्या सौ.कडे दिलं आणि आपल्या बॅगेतून ते ओटीत मिळालेलं मीटर काढून आणलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा. मी बघते." सासऱ्यांना ती बाबाच म्हणते. इवाईंनी मान हलवली. मग खाली बसल्याबसल्याच ते तिला सांगू लागले, अगदी हळू. पाटावर उभी राहा. चप्पल घाल. डावा हात मागं. आधी प्लग पाहा. तिने प्लग पाहिला, आकडा मोठ्याने सांगितला. त्यांनी मला कूलरचा प्लग परत लावून बटण दाबायला लावलं. कूलर सुरू झाला. मेघाने पत्र्याला काडी लावली.

"एकशे अडतीस," ती म्हणाली.

मग तिने पुन्हा प्लग पाहिला. दोनशे तेहतीस. हे मीटर खरं बोलत होतं. मी बटण बंद करून प्लग काढला, आणि लाइन पूर्ण बंद असताना इवाईंनी तिला मीटरचं बटण रोधावर, म्हणजे वीज जायला वाट आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर, फिरवायला सांगितलं. कूलरचा पंख्याचा भाग ठीक निघाला. पाण्याचा पंप जोडलेला असला की पत्र्याशी संबंध दिसायचा, पंप सोडवला की दिसत नव्हता. पंपाच्या वायरीला पाण्याखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, चीर गेली होती. दुसऱ्या दिवशी नवा पंप आला, तीन पिनांचा प्लग आला. ती दुपार आणि ती रात्र आम्ही सगळ्यांनी ओल्या चादरी आणि हातपंख्यावर काढली.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर इवाई अंगणात, त्या अर्थिंगच्या खड्ड्याशेजारच्या ओट्यावर बसले होते. मी जाऊन बसलो. मी त्यांची माफी मागणार होतो, पण तेच आधी बोलले.

"मी बरं हाय म्हटलं ना."

मी म्हटलं, "पण तुम्ही पुन्हा तपासलंत की. म्हणून तर कळलं."

"तवा नोतं तपासलं," ते म्हणाले. मला आधी वाटलं ते दुपारचंच बोलत आहेत. पण ते बऱ्याच वर्षांपूर्वीचं सांगत होते. तरुणपणी गोंदियात सहा महिने राहून रेडिओचं काम शिकले होते, गावात त्यांच्या एकट्याकडेच मीटर होतं, काट्याचं. त्याचा तोरा होता. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शेतातली मोटार बंद पडली. ते आणि त्यांचा लहान भाऊ तुळशीराम दोघे गेले. "मी स्टार्टरमधी काड्या लावल्या. काटा हालला नाई. म्हटलं, तुळशा, लाइन नाई, लाव हात. त्यानं लावला." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "मीटरची वायर आतून तुटली होती. लाइन होती."

तुळशीराम बांधीतल्या चिखलात फेकला गेला. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं अशी भाजली की पुन्हा वाकली नाहीत. रोवणीचं परं, म्हणजे भाताची रोपं, त्या हातात धरता येईना. दोनेक वर्षांनी तो रायपूरला एका राइस मिलच्या फाटकावर चौकीदारी करायला गेला आणि तिकडचाच झाला. "तो मले कधी बोलला नाई, इवाई. एका शब्दानं नाई. त्यानं मले विचारलंबी नोतं, लाइन हाय का म्हून. मीच सांगितलं, नाई म्हून." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून ती लाल वायर काढली, कात्रीने तिचे चार तुकडे केले आणि ते तुकडे परत पिशवीत ठेवले.

मी त्यानंतरही त्यांना हसत राहिलो, दार लावून. सवय सुटत नाही. नातू पहिल्यांदा खुदकन हसला तो मीटरच्या 'पीं' आवाजाला, आणि इवाई दिवसभर त्याच्या पाळण्याशी बसून दोन काड्या एकमेकींना टेकवत राहिले, याची नक्कल मी अजून करून दाखवतो. पण प्लगपाशी ते दुसऱ्यांदा वळले की मी आता घड्याळाकडे पाहत नाही.

या वर्षी रोवणीच्या आधी त्यांचा फोन आला. "इवाई, दोन दिवस या. आकडे वाचाले माणूस पायजे." त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. घरात भागतं, पण शेतातल्या उजेडात काचेवरचं काही दिसत नाही. दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हणतात. मी गेलो. पाऊस आठवडाभर दडला होता, परं पिवळं पडायला लागलं होतं आणि मोटार उठत नव्हती. तुळशीराम रायपूरहून आला होता. तो दर वर्षी रोवणीला येतो. परं लावता येत नाही, पण शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून बायांना चहा देतो, गाणी म्हणायला लावतो. मोठ्या भावासारखाच उंच, पण चेहरा हसरा.

मोटारीच्या खोपडीत आम्ही तिघे शिरलो. इवाईंनी मेन स्विचच्या वरच्या बाजूला काड्या लावल्या, मी वाचलं, चारशे आठ; मोटारीची लाइन तीन फेजची असते. त्यांनी मेन पाडला, तिन्ही फ्यूज उपटून आपल्या खिशात घातले. स्टार्टरला काड्या लावल्या. मी वाचलं, शून्य. तिन्ही जागी शून्य. पुन्हा वर, जिथे लाइन येत होती तिथे. चारशे आठ. सगळं त्यांच्या रीतीप्रमाणे झालं. मग त्यांनी मीटर माझ्याकडे दिलं, उजवा हात उलटा केला आणि त्या हाताची मागची बाजू स्टार्टरच्या स्क्रूला स्वतः लावून पाहिली. तसेच थोडा वेळ धरून उभे राहिले.

तुळशीराम डाव्या हातात पाना घेऊन मागे उभा होता. स्टार्टरची कॉइल जळली होती, ती सोडवायला त्याच्यासारखा हात आजही गावात नाही, दोन बोटं वाकत नसली तरी. तो म्हणाला, "दादा, लावू का मंग हात?"

"थांब," इवाई म्हणाले. त्यांनी काड्या पुन्हा स्टार्टरला लावल्या. "इवाई, आणखी एकडाव वाचा."

बाहेर बाया ओळीने उभ्या होत्या, पाण्याची वाट पाहत. मी जरा घुटमळलो. सगळं एकदा रीतसर वाचून झालं होतं. तुळशीरामने पाना खाली ठेवला, भिंतीला टेकून आरामात बसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "वाचा गुरुजी. मले घाई नाई. दादाले बरं वाटते."

मी काचेवर वाकलो, आणि मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून वाचलं. शून्य.